गुंगीची इंजेक्शने: वॉर्ड, एन्डोस्कोपी रूम आणि आयसीयूमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर आणि छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा प्रश्न नातेवाइकांसाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. मुलांचे वेगळे दिले आहेत. आपल्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच आधी पाळायचा.

गुंगी आणि भूल यांत नेमका फरक काय?

हाक मारली की रुग्ण डोळे उघडतो, सांगितलेले करतो आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो, ती मध्यम गुंगी. वारंवार हलवल्यावर किंवा चिमटा घेतल्यावरच प्रतिसाद मिळत असेल तर ती खोल गुंगी. चिमट्यालाही प्रतिसाद नसेल तर ती भूल. चिमटा काढल्यावर हात नुसता झटकन मागे घेणे म्हणजे प्रतिसाद नव्हे, हे इथे लक्षात ठेवायचे.

या पायऱ्यांमध्ये भिंत नसते. एकच डोस एकाला नुसती झापड आणतो आणि दुसऱ्याची जीभ मागे पाडून श्वास अडवतो. म्हणून गुंगीच्या ज्या पायरीवर जायचे आहे, त्याच्या एक पायरी पुढे रुग्ण गेला तर सांभाळता येईल अशी माणसे आणि सामान असल्याशिवाय सिरिंज हातात घ्यायची नाही.

औषध भरण्याआधी रुग्णाजवळ काय काय हवे?

ऑक्सिजन, चालू सक्शन, हाताने दाबून श्वास देणारी, मास्क बसवून तयार ठेवलेली अ‍ॅम्बू बॅग, तोंडातून घालायचे दोन-तीन मापांचे एअरवे, घसा दिसण्यासाठीचा लॅरिंगोस्कोप, श्वासनलिकेत घालायची ट्यूब आणि मॉनिटर. उताऱ्याची (गुंगी उतरवणारी) औषधे कपाटात नकोत, ट्रेमध्ये हवीत.

पण सामान 'आहे' म्हटल्याने भागत नाही. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली आहे का? गेज नुसते बघू नका, व्हॉल्व्ह उघडून बघा. सक्शनची नळी चिमटीत धरून दाब येतो का ते पाहा. बाटलीचे झाकण सैल असले तर मशीन घरघरते पण काहीच ओढत नाही, आणि हे उलटी झाल्यावरच कळते. अ‍ॅम्बूचे तोंड तळव्याने बंद करून दाबा; हवा कुठून निसटत असेल तर व्हॉल्व्ह उलटा बसला आहे किंवा फाटला आहे.

याहून महत्त्वाचा आहे तो माणूस. दुर्बीण धरणारा किंवा टाके घालणारा डॉक्टर एकाच वेळी श्वास पाहू शकत नाही. ज्याला दुसरे काहीही काम नाही अशी एक प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाच्या डोक्याशी उभी हवी. तिला 'जरा ते कात्री-फोर्सेप्स आण' असे सांगून पाठवले की गुंगी असुरक्षित झालीच.

रुग्णाला आधी काय विचारायचे?

शेवटचे खाणेपिणे किती वाजता झाले ते विचारा. नियोजित प्रोसिजरसाठी साधे पाणी २ तास आधीपर्यंत, आईचे दूध ४ तास, हलका आहार किंवा वरचे दूध ६ तास आणि तळलेले किंवा जड जेवण ८ तास. 'काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्याने चहा-बिस्किट घेतलेले असते. आपल्याकडे चहाला कुणी खाणे समजत नाही, म्हणून चहाचे नाव घेऊनच विचारायचे. दुधाचा चहा हा साध्या पाण्यात मोडत नाही.

मग घोरणे. झोपेत श्वास थांबतो असे बायको किंवा नवरा सांगत असेल, मान जाड असेल, वजन जास्त असेल, तर निम्म्याहून कमी डोसने सुरुवात करा आणि भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. रोज दारू घेणाऱ्याला किंवा झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला डोस जास्त लागेल असे वाटते, पण तो प्यायलेला असेल तर उलटे होते.

चालू गोळ्यांची पिशवी मागवून बघा. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम, रिटोनाविर यांच्यामुळे यकृतात मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा निचरा मंदावतो आणि गुंगी लांबते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असलेल्यात उलट असर लवकर उतरतो.

मिडाझोलाम किती द्यायचे आणि किती वेगाने?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

साठीच्या आतल्या, बऱ्यापैकी सुदृढ प्रौढाला शिरेतून १ ते २ मि.ग्रॅ. पहिला डोस, तोही किमान २ मिनिटांत सावकाश. पहिल्याच डोसला २.५ मि.ग्रॅ.च्या पुढे जायचे नाही. नंतर थांबायचे. पूर्ण असर दिसायला ३ ते ५ मिनिटे लागतात. गरज असेल तर ०.५ ते १ मि.ग्रॅ. वाढवायचे आणि पुन्हा किमान २ मिनिटे थांबायचे. एकूण ५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त क्वचितच लागते.

साठीच्या पुढच्या किंवा खंगलेल्या रुग्णाला ०.५ ते १ मि.ग्रॅ.ने सुरुवात, वाढ ०.५ मि.ग्रॅ.ने आणि एकूण साधारण ३.५ मि.ग्रॅ.च्या आत. म्हातारपणी रक्ताभिसरण मंद असते, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. 'अजून झोपले नाहीत' म्हणून दुसरा डोस दिला जातो आणि पाच मिनिटांनी दोन्ही डोस एकत्र बोलतात. घड्याळाकडे पाहून थांबा, अंदाजाने नको. घाईतल्या माणसाला दीड मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते.

अमेरिकेत १९८० च्या दशकात हे औषध आले तेव्हा डायझेपामच्या हिशेबाने जास्त डोस दिले गेले. श्वास थांबून मृत्यू झाले, आणि त्यानंतर डोस खाली आणून वेष्टनावर ठळक इशारा छापावा लागला. सावकाश देण्याचा नियम असा माणसे गमावून तयार झालेला आहे.

५ मि.ली. म्हणजे ५ मि.ग्रॅ. ना?

प्रत्येक वेळी नाही. मिडाझोलाम १ मि.ली.मध्ये १ मि.ग्रॅ. अशाही ताकदीत मिळते आणि १ मि.ली.मध्ये ५ मि.ग्रॅ. अशाही. दोन्ही पाण्यासारखे दिसते. '२ सीसी दे' अशी तोंडी ऑर्डर आली तर एका बाटलीतून २ मि.ग्रॅ. जातील, दुसरीतून १०. ब्रिटनमध्ये याच कारणाने २००८ साली देशव्यापी सूचना निघाली आणि जास्त ताकदीचे अ‍ॅम्प्यूल साध्या प्रोसिजर रूममधून बाजूला काढायला सांगितले गेले. आपणही तेच करावे: एन्डोस्कोपी आणि वॉर्डात फक्त १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली., आणि जास्त ताकदीचे फक्त आयसीयू-ओटीत.

फक्त ५ मि.ग्रॅ.चे १ मि.ली.चे अ‍ॅम्प्यूल हाताशी असेल तर त्यात ४ मि.ली. नॉर्मल सलाईन घालून ५ मि.ली. करा, म्हणजे १ मि.ली.ला १ मि.ग्रॅ. पडेल. ऑर्डर नेहमी मि.ग्रॅ.मध्ये घ्या. सीसीमध्ये सांगितली तर 'म्हणजे किती मिलिग्रॅम?' असे विचारून परत म्हणवून घ्या. मोठ्या डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणा नाही.

सिरिंज भरली की लगेच लेबल, त्यावर औषध, ताकद, वेळ. लेबलांच्या प्रचलित रंगांत मिडाझोलामसारख्या औषधांना नारिंगी, फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामकांना निळा, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल. हा लाल रंग गांभीर्याने घ्या. २०१७ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात स्कॅनआधी एका वृद्ध रुग्णाला मिडाझोलामऐवजी व्हेक्युरोनियम दिले गेले. तिचे सगळे स्नायू लुळे पडले, शेजारी लक्ष ठेवणारे कुणी नव्हते आणि ती वाचली नाही. व्हेक्युरोनियम पावडर असते, ती विरघळवावी लागते. मिडाझोलामचे इंजेक्शन कधीच पावडर नसते. गुंगीसाठी बाटली उघडली आणि आत पावडर दिसली, तर हात तिथेच थांबला पाहिजे.

मिडाझोलामबरोबर फेंटानिल किंवा फोर्टविन-फिनार्गन दिले तर चालते का?

दुखणाऱ्या प्रोसिजरला वेदनाशामक लागतेच. मिडाझोलाम वेदना अजिबात कमी करत नाही. पण दोन औषधांचा श्वासावरचा परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. म्हणून फेंटानिल आधी द्या, ते एकावेळी २५ ते ५० मायक्रोग्रॅम, त्याचा असर दिसू द्या, आणि मिडाझोलाम नेहमीच्या डोसच्या साधारण दोन-तृतीयांश करा.

फोर्टविन-फिनार्गन ही जोडी आपल्याकडच्या वॉर्डांत सवयीने चालते. सवय आहे म्हणून ती सौम्य होत नाही. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसीन हे वेदनाशामक. ते रक्तदाब आणि हृदयावरचा ताण वाढवते, त्यामुळे हार्ट अटॅकच्या रुग्णाला टाळावे. आधी ट्रामाडोल, मॉर्फिन किंवा फेंटानिल दिलेले असेल तर ते त्यांचा असर अंशतः मोडते. फिनार्गनची (प्रोमेथाझिनची) गुंगी ४ ते ६ तास, कधी त्याहून जास्त टिकते आणि तिला उतारा नाही. शिवाय ते शिरेबाहेर किंवा चुकून धमनीत गेले तर बोटे काळी पडून गमवावी लागू शकतात. स्नायूत खोलवर देणे हाच त्याचा योग्य मार्ग. दोन वर्षांखालच्या बाळाला फिनार्गन देऊ नये.

नाकाला ऑक्सिजन आहे, सॅच्युरेशन ९९ दाखवते. मग काळजी कसली?

काळजी हीच, की ९९ हा आकडा श्वास चालू असल्याचा पुरावा नाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाच्या फुप्फुसात साठा असतो. श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही काळ वर राहतो, आणि घसरू लागला की झपाट्याने घसरतो. तोवर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस आणखी गुंगलेला असतो. लठ्ठ माणसात हा साठा लवकर संपतो.

म्हणून छाती पाहा. हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की अनियमित श्वास सुटून जातो. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) असेल तर तो लावाच, कारण श्वास थांबला की त्याची रेषा लगेच सपाट होते. रक्तदाब दर ५ मिनिटांनी. ज्या हाताला बीपीचा पट्टा आहे त्याच हाताला बोटाची क्लिप लावली तर पट्टा फुगताना आकडा पडतो आणि उगाच धावपळ होते. नेलपॉलिश किंवा ताजी गडद मेंदी असेल तर दुसरे बोट किंवा कानाची पाळी बघा.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे, ती अर्धवट अडलेली श्वासनलिका आहे. आणि घोरणे अचानक थांबले, पण पोट वर येताना छाती आत ओढली जात असेल, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. खोली शांत झाली म्हणून सगळे निश्चिंत होतात तो हाच क्षण.

श्वास मंदावला तर पहिल्या मिनिटात काय करायचे?

औषध थांबवा आणि मदतीला मोठ्याने हाक मारा. रुग्णाला नावाने हाक मारून खांदा दाबा, 'दीर्घ श्वास घ्या' म्हणा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. नाहीच तर डोके मागे, हनुवटी वर. त्याने वाट मोकळी झाली नाही तर दोन्ही बाजूंनी जबड्याचे कोन पुढे ढकला. तोंडात लाळ किंवा उलटी असेल तर डोके एका कुशीला करून सक्शन. ऑक्सिजन वाढवा. रुग्णाला ओकारी येत नसेल तरच तोंडातला एअरवे घाला, नाहीतर उलटी होईल.

तरीही छाती हलत नसेल तर अ‍ॅम्बू. दर ५ ते ६ सेकंदांनी एक दाब, छाती उचललेली दिसेल इतकाच. घाबरून भराभर दाबले की हवा पोटात जाते. उतारा यानंतर. फुप्फुसात हवा पोचत असेल तर उतारा भरायला वेळ मिळतो. हवा न देता अ‍ॅम्प्यूल फोडत बसले तर तो वेळ उरत नाही.

उताऱ्याची औषधे कशी द्यायची?

मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपामवर फ्लुमाझेनिल. ५ मि.ली.च्या अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.५ मि.ग्रॅ. असते. २ मि.ली. म्हणजे ०.२ मि.ग्रॅ. १५ सेकंदांत द्या, एक मिनिट थांबा, जाग आली नाही तर पुन्हा तेवढेच. एकूण १ मि.ग्रॅ.पर्यंत. ज्याला फिट येतात, जो कित्येक महिने झोपेच्या गोळ्या खातो, किंवा ज्याने अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या जास्त खाल्ल्या आहेत, त्याला हे दिल्यास झटके येऊ शकतात. तिथे अ‍ॅम्बूने श्वास देत राहणेच सुरक्षित.

फेंटानिल, मॉर्फिनवर नॅलॉक्सोन. १ मि.ली.त ०.४ मि.ग्रॅ. असलेले अ‍ॅम्प्यूल सलाईनने १० मि.ली. करा, आता १ मि.ली.त ४० मायक्रोग्रॅम आहेत. १ ते २ मि.ली. देऊन २-३ मिनिटे पाहा. सगळे एकदम दिले तर वेदना उसळते, रक्तदाब चढतो, उलट्या होतात.

दोन्ही उतारे गुंगीच्या औषधाआधी उतरू शकतात. फ्लुमाझेनिल तासाभरात ओसरते, आणि जागा होऊन बोललेला रुग्ण वॉर्डात जाऊन पुन्हा झोपतो. उतारा दिल्यापासून किमान २ तास मॉनिटरवर ठेवा. प्रोपोफोल, केटामिन, डेक्समेडिटोमिडिन आणि फिनार्गनवर यांचा उपयोग नाही.

प्रोपोफोल झटपट उतरते. मग तेच का वापरू नये?

उतरते झटपट तसे चढतेही झटपट. अर्ध्या-पाऊण मिनिटात मध्यम गुंगीतून थेट भुलेत, बरोबर रक्तदाबही खाली. भूलतज्ज्ञ किंवा श्वासनलिकेत ट्यूब घालू शकणारा, तेवढ्यापुरताच मोकळा असलेला डॉक्टर नसेल तर ते देऊ नये. ते चरबीच्या द्रावात असल्याने त्यात जंतू वेगाने वाढतात. बाटलीचे बूच स्पिरिटने पुसा, सिरिंजमध्ये भरल्यापासून ६ तासांत संपवा, उरलेले टाकून द्या. एका बाटलीतून दोन रुग्णांना कधीच नाही.

रात्री रुग्ण ओरडतो, नळ्या उपटतो. एक झोपेचे इंजेक्शन देऊन टाकू का?

आधी कारण शोधा. सॅच्युरेशन बघा, बोटाची साखर बघा, बीपी बघा. ओटीपोट चाचपा: कॅथेटर वळला किंवा चोंदला असेल तर तुडुंब भरलेल्या मूत्राशयाने शांत माणूसही हातपाय आपटतो. वेदनेचे औषध कधी दिले? दारू सोडून दोन-तीन दिवस झालेत, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात? ऑक्सिजन कमी पडल्याने तडफडणाऱ्याला गुंगी दिली तर तो शांत होतो, आणि तो शांतपणा शेवटचा ठरू शकतो. हे लक्षण दाबण्याआधी डॉक्टरांना रुग्णापाशी बोलवा, फोनवर ऑर्डर घेऊ नका.

साधी भ्रमावस्था असेल तर चष्मा, कानाचे यंत्र, ओळखीचा माणूस उशाशी आणि मंद दिवा यांनी पुष्कळ फरक पडतो. वृद्धांच्या भ्रमावस्थेत मिडाझोलाम-लोराझेपामने गोंधळ वाढतो. दारूच्या विरहात मात्र हीच जातकुळी योग्य औषध आहे. औषध दिलेच तर नंतरचा तासभर निरीक्षण प्रोसिजर रूममधल्यासारखेच हवे.

डायझेपाम, लोराझेपाम पातळ करून द्यावे का?

डायझेपाम पातळ करू नका. सलाईनमध्ये ते दुधासारखे गढूळ होते. मोठ्या शिरेत, मिनिटाला ५ मि.ग्रॅ.पेक्षा वेगाने नाही. लोराझेपाम मात्र शिरेतून देण्याआधी तेवढ्याच सलाईनने दुप्पट करा, मिनिटाला २ मि.ग्रॅ.पेक्षा वेग नको, आणि अ‍ॅम्प्यूल फ्रीजमध्ये ठेवा. कोणतेही औषध दिले तरी शेवटी कॅन्युला आणि थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) सलाईनने धुऊन काढा. नळीत उरलेला डोस पुढच्या अँटिबायोटिकबरोबर वॉर्डात एकदम आत जातो, जिथे कुणी श्वास पाहत नसते.

आयसीयूत पंपावर चालणाऱ्या गुंगीत काय चुकते?

हिशेब आणि विसर पडणे, दोन्ही. मिडाझोलाम ५० मि.ग्रॅ. ५० मि.ली.मध्ये भरले, तर ६० किलोच्या रुग्णाला तासाला किलोमागे ०.०५ मि.ग्रॅ. म्हणजे ३ मि.ली. प्रति तास. डेक्समेडिटोमिडिन २०० मायक्रोग्रॅम ५० मि.ली.त, म्हणजे १ मि.ली.त ४, त्याच रुग्णाला तासाला किलोमागे ०.४ मायक्रोग्रॅमसाठी ६ मि.ली. प्रति तास. त्याचा पहिला मोठा डोस घाईने दिला की बीपी आधी चढते, मग नाडी चाळीसच्या घरात येते. प्रोपोफोल १ टक्का असेल तर त्याच रुग्णात २४ मि.ली. प्रति तास म्हणजे किलोमागे ४ मि.ग्रॅ.; याच्या वर ४८ तासांपेक्षा जास्त चालले तर रक्तात आम्ल वाढणे, स्नायू विरघळणे आणि हृदय बंद पडणे असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो.

आधी वेदना शमवा, मग लागेल तेवढीच गुंगी. रास या गुंगी मोजायच्या पट्टीवर ० ते उणे २ पुरेसे असते, म्हणजे हाकेला डोळे उघडणारा रुग्ण. व्हेंटिलेटरवरच्या स्थिर रुग्णाचे औषध रोज सकाळी थांबवून पाहा. पुन्हा लागले तर आधीच्या निम्म्या वेगाने सुरू करा. मात्र फिट चालू असतील, डोक्यातला दाब वाढलेला असेल किंवा स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल तर थांबवू नका. किडनी बंद असेल तर मिडाझोलामचे घटक साठून राहतात आणि पंप बंद केल्यावरही रुग्ण दिवसदिवस उठत नाही.

एमआरआयसाठी लहान मुलाला गुंगी?

वजन काट्यावर करा, आईला विचारून नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात मिडाझोलाम शिरेतून किलोमागे ०.०५ ते ०.१ मि.ग्रॅ.; १२ किलोच्या मुलाला ०.६ ते १.२ मि.ग्रॅ. दशांश चिन्ह एक घर सरकले की दहापट डोस होतो, म्हणून दोघांनी स्वतंत्र हिशेब करावा. काही मुले मिडाझोलामने झोपण्याऐवजी चिडून रडतात, तेव्हा वाढवत जाऊ नका. एमआरआयसाठी भूलतज्ज्ञच हवेत. लोखंडी सिलिंडर चुंबकाच्या खोलीत नेऊ नका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णासाठीचा सिलिंडर आत नेणारा एक तरुण नातेवाईक याच चुकीने गेला.

साठा आणि नोंद?

मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतात, केटामिन औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये आहे. कुलूप, रजिस्टर, आणि उरलेले औषध दोघांसमोर टाकून दोन सह्या.

आमच्या माणसाला दुर्बीण तपासणीनंतर घरी कधी नेऊ?

तो नीट जागा असेल, नाव-गाव-दिवस सांगत असेल, नाकावरचा ऑक्सिजन काढूनही सॅच्युरेशन पूर्वीइतके असेल, आधाराने चालत असेल आणि सिस्टरने सोडायला हरकत नाही म्हटले असेल तेव्हा. गुंगीच्या औषधाने मधल्या वेळेची आठवण पुसली जाते. डॉक्टरांनी त्याला सांगितलेले तो 'हो हो' म्हणेल आणि संध्याकाळी विसरेल. म्हणून रिपोर्ट, गोळ्या, पुढची तारीख तुम्ही ऐका आणि कागदावर घ्या.

बाइकवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत झापड येऊन पडतात. रिक्षा किंवा गाडीने न्या आणि मान पुढे पडू देऊ नका. २४ तास गाडी चालवणे, गॅसपाशी एकट्याने काम, दारू आणि कुठल्याही कागदावर सही नको. त्या रात्री घरात कुणीतरी सोबत हवे. झोपेत श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसले किंवा हलवूनही उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.